भाडेवाढीच्या वादात नेमलेला स्वतंत्र तज्ज्ञ: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

नोव्हेंबरात तज्ज्ञांच्या निर्णयाचं पत्र आलं. एकच पान. कराराचं कलम, पाहणीची तारीख आणि खाली नवं वार्षिक भाडं: २६,५०० पौंड. हा आकडा कुठून आला, याबद्दल एक ओळ नाही.

पश्चिम लंडनमध्ये माझं किराणा दुकान आहे. २०१५ चा पंधरा वर्षांचा करार, दर पाच वर्षांनी भाड्याचा आढावा, तोही फक्त वर जाणारा, म्हणजे भाडं कमी होऊच शकत नाही. भाडं २४,००० होतं. मालकाच्या एजंटाने २५ मार्चपासून ३१,००० मागितले. पत्रापत्री झाली, जमलं नाही. करारात लिहिल्याप्रमाणे आरआयसीएस या सर्व्हेअरांच्या व्यावसायिक संस्थेच्या अध्यक्षांकडे अर्ज केला आणि त्यांनी तज्ज्ञ नेमला.

पाहणी उत्तम झाली, हे आधी सांगतो. त्यांनी तांदळाची पोती स्वतः बाजूला सरकवली, लेझरने काचेपासून मोजत गेले. पहिले २० फूट झोन ए, पूर्ण दर. पुढचे २० फूट झोन बी, निम्मा दर. मागे माझी शीतखोली आहे. २०१६ मध्ये मालकाची लेखी परवानगी घेऊन मी स्वखर्चाने बांधली. भाडेकरूने केलेली सुधारणा आढाव्यात धरायची नाही असं करारात स्पष्ट आहे, तरी एजंटाने ती मोजली होती. तज्ज्ञांनी परवानगीचं पत्र मागितलं आणि काउंटरपाशी उभं राहून दोनदा वाचलं.

मग ती वगळली का? पत्रात नाही. मला सगळ्यात जास्त हेच खटकतं. २०३० मध्ये करार संपेल, तेव्हा हाच एजंट पुन्हा टेप घेऊन येईल. त्याला दाखवायला माझ्या हातात काय आहे?

करारात लिहिलेलं नसेल तर तज्ज्ञाला कारणं देणं बंधनकारक नसतं. नेमणुकीनंतर आम्ही कारणं मागितली, एजंटाने संमती दिली नाही. तज्ज्ञाऐवजी लवाद असता तर १९९६ च्या लवाद कायद्याप्रमाणे सहसा कारणं द्यावी लागली असती. तज्ज्ञावर निष्काळजीपणाचा दावा करता येतो, लवादावर नाही, असं सगळे समजावतात. अहो, पण कारणंच नसतील तर निष्काळजीपणा दाखवणार कशावरून?

पहिल्या आठवड्यात मी एक तारा देणार होतो. हिशेब मांडल्यावर मत बदललं. वर्षाला ४,५०० वाचले, पाच वर्षांत २२,५००. खर्च: तज्ज्ञांची निम्मी फी १,८०० अधिक व्हॅट, माझ्या सर्व्हेअरचे २,२००. तीन तिमाह्यांची थकबाकी १,८७५ आणि त्यावर व्याज, ते तर द्यायचंच होतं. शिवाय लवाद सहसा दोन्ही बाजूंनी मांडलेल्या पुराव्यावरच चालतो. तज्ज्ञ स्वतः चौकशी करू शकतो. इथे त्याचा मला फायदा झाला. तीन तारे.

उरलेले दोन कापले ते करारासाठी. जूनमध्ये मी २७,००० वर मिटवायला तयार होतो, एजंटाने नकार दिला. निकाल त्याहून कमी आला, तरी माझा खर्च त्याच्याकडून मिळत नाही, कारण खर्चाचा निर्णय करायचा अधिकार आमच्या करारात तज्ज्ञाला दिलेलाच नाही. जुलै २०२५ मध्ये फक्त वर जाणाऱ्या आढाव्यांवर बंदी आणणारं विधेयक संसदेत आलं, पण ते नव्या करारांसाठी. नवा करार करणाऱ्यांनी वकिलाकडून दोन वाक्यं घालून घ्यावीत: तज्ज्ञाने कारणं द्यावीत, आणि खर्च कोणी भरायचा हे त्यानेच ठरवावं. सहीनंतर मालक हे देत नाही.

तज्ज्ञ मोजताना आकडे मोठ्याने म्हणत होते, ते मी बिलाच्या मागे लिहून घेतले होते. काल बसून गणित केलं. दर्शनी रुंदी ५ मीटर, २० फूट म्हणजे ६.१ मीटर. झोन ए ३०.५ चौरस मीटर, झोन बीचा निम्मा १५.२५, मिळून ४५.७५. नव्या भाड्याला त्याने भागलं तर चौरस मीटरला ५७९ पौंड. शेजारच्या केमिस्टचा गाळा गेल्या वर्षी साधारण ५८० च्या दराने भाड्याने गेला. शीतखोली न धरताच आकडा जुळतो, म्हणजे ती वगळलेली असावी. ते बिल मी परवानगीच्या पत्राला टाचून ठेवलंय.