पेटंटचा पहिला अर्ज: आधी प्रोव्हिजनल की थेट कम्प्लीट?

नवीन काहीतरी जमलंय, असं आधी कुणी केलंय का याचा सर्च करून पाहिलंय, आणि आता मुंबईच्या पेटंट ऑफिसकडे अर्ज टाकायचाय, इथपर्यंत जे आलेत त्यांच्यासाठी हे लिहितोय. पेटंट म्हणजे काय हे पुन्हा सांगत बसत नाही. पहिला कागद कोणता टाकायचा एवढाच प्रश्न आहे. प्रोव्हिजनल स्पेसिफिकेशन (शोधाचं तात्पुरतं वर्णन) टाकून बारा महिन्यांत कम्प्लीट (पूर्ण वर्णन) द्यायचं, की पहिल्याच दिवशी क्लेमसकट, म्हणजे हक्क नेमका कशावर मागतोय ते सांगून, कम्प्लीट देऊन मोकळं व्हायचं?

मी दोन्ही केलंय. लातूरला माझं शेती अवजारांचं वर्कशॉप आहे. पहिला अर्ज थेट कम्प्लीट होता, नंतरचा प्रोव्हिजनलच्या वाटेने गेला. मी वकील नाही आणि असे अर्ज लिहून देणारा पेटंट एजंटही नाही, तेव्हा हे मत अवजारं बनवणाऱ्या माणसाचं आहे असं धरूनच वाचा.

पैशाचा मुद्दा आधी बाजूला काढतो, कारण बरेच जण तिथेच अडतात. प्रोव्हिजनल म्हणजे दोनदा फी, असं बऱ्याच ठिकाणी ऐकायला मिळतं. तसं नाही. ऑनलाइन अर्जाची सरकारी फी व्यक्तीला, स्टार्टअपला आणि लघुउद्योगाला १६०० रुपये आहे. ती प्रोव्हिजनलसोबत भरली की नंतरच्या कम्प्लीटला वेगळी फी लागत नाही. तीस पानं किंवा दहा क्लेम ओलांडले तरच जादा पैसे. लघुउद्योग म्हणून अर्ज करणार असाल तर उद्यमचं प्रमाणपत्र आणि फॉर्म २८ जोडायला विसरू नका, नाहीतर तीच फी ८००० होते. वाढतो तो एजंटचा खर्च, कारण त्याला दोनदा बसून लिहावं लागतं. दोन्ही कामांचे पैसे सुरुवातीलाच एकत्र ठरवून घेतले तर तो फरकही फार राहत नाही.

आता थेट कम्प्लीटच्या बाजूने जे आहे ते मान्य करायलाच हवं. आपल्याकडे पेटंटची वीस वर्षं अर्जाच्या तारखेपासून मोजतात, आणि प्रोव्हिजनल टाकलं तर तीच अर्जाची तारीख ठरते. म्हणजे तुम्ही शेतात चाचण्या घेत असता ते वर्षही त्या वीसातूनच जातं. दुसरं असं की, कम्प्लीट दिल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही. फॉर्म ९ भरून लवकर प्रकाशन मागायचं असेल, किंवा फॉर्म १८ए भरून जलद तपासणी, तर कम्प्लीट हातात हवं. प्रकाशनाला महत्त्व आहे, कारण पेटंट मिळाल्यावर नक्कल करणाऱ्याकडून नुकसानभरपाई मागायची तर ती प्रकाशनाच्या तारखेपासूनची मागता येते. दावा मात्र पेटंट मिळाल्यावरच. तुमची वस्तू बाहेरून बघून कुणीही आठवड्यात बनवू शकेल अशी असेल आणि ती पूर्ण तयार असेल, तर थेट कम्प्लीट आणि सोबत फॉर्म ९ ही वाट चांगली आहे. इंजिनिअरिंग कॉलेजच्या ज्या प्राध्यापकांना प्रकाशित झालेला अर्ज लवकर दाखवायचा असतो, त्यांनाही प्रोव्हिजनलचा उपयोग नाही.

माझा पहिला अर्ज असाच होता. एकट्या ड्रायव्हरला खाली न उतरता अवजार जोडता यावं म्हणून ट्रॅक्टरच्या मागच्या थ्री पॉइंट जोडणीच्या लिंकसाठी केलेली खटकी. वर्कशॉपात ती पूर्ण झाली होती, ट्रॅक्टरला लावून बघितली होती, ड्रॉइंग पक्कं होतं. तेव्हा थेट कम्प्लीट देणं बरोबरच वाटलं. नंतर गिऱ्हाइकांकडे एक हंगाम काढल्यावर दिसलं की खटकीचं भोक एका बाजूने खात जातं, लंबगोल होतं, आणि मग खटकी बसताना अडते. त्यावर उपाय म्हणून भोकात एका बाजूला कॉलर असलेलं, अर्धा फेरा फिरवून परत वापरता येणारं बुश बसवलं. खटकी टिकते ती त्या बुशमुळे. पण ते कागदात घालता येईना.

माझ्यासाठी निकाल लागला तो इथे. कम्प्लीट एकदा दिलं की त्यात नवीन काही आत येत नाही. कायद्याचं कलम ५९ एवढंच करू देतं: खुलासा करा, चूक दुरुस्त करा, क्लेम आवळा. मूळ कागदात जे नव्हतं ते नव्हतं. सुधारणेसाठी ‘पेटंट ऑफ ॲडिशन’ नावाची सोय आहे आणि त्याला दरवर्षीची फी लागत नाही, हे खरं. पण त्यासाठी पुन्हा नवा अर्ज, नवी तपासणी, एजंटचे नवे पैसे. एका बुशसाठी तेवढा व्याप छोट्या वर्कशॉपला परवडत नाही. आज विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नगात ते बुश आहे आणि पेटंटमध्ये नाही, ही गोष्ट मला अजून टोचते.

पुढची वस्तू होती बीबीएफ (रुंद वरंबा-सरी) पेरणी यंत्राच्या खताच्या नळीसाठी. ज्यांनी काळ्या रानात सोयाबीन पेरलंय त्यांना ही अडचण सांगायला नको. पाऊस पडून वाफसा नीट आला नसेल तर फणाच्या मागच्या नळीचं तोंड मातीने चोंदतं. ड्रायव्हरला ते दिसत नाही. पेरणी होऊन जाते, आणि पंधरा-वीस दिवसांनी एखादी ओळ बाकीच्यांपेक्षा फिकी दिसायला लागली की कळतं, तिथे खतच पडलेलं नाही. त्यावर मी नळीच्या तोंडाशी एक झडप बसवली, स्प्रिंगच्या ताणावर उघडझाप करणारी. वर्कशॉपात ओली माती भरलेल्या पेटीतून ती झकास चालली.

या वेळी मेमध्ये प्रोव्हिजनल टाकलं आणि जूनमध्ये यंत्र रानात नेलं. पहिल्या दोन-तीन तासांतच स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये चिकण माती जाऊन बसली. दाबून बसलेली माती उन्हाने आवळली आणि स्प्रिंगचा दगड झाला. झडप उघडीच राहिली. स्प्रिंग काढून टाकली आणि यंत्राच्या जमिनीवर चालणाऱ्या चाकावरून, ज्याच्यावर बी-खताचं मीटरिंग (मोजून सोडणं) चालतं, एक छोटी दांडी झडपेला जोडली. आता चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला झडप जबरदस्तीने उघडते आणि मिटते. माती चिकटली तरी पुढच्या फेऱ्यात खरवडली जाते. मेमध्ये थेट कम्प्लीट दिलं असतं, तर क्लेममध्ये स्प्रिंग असती आणि रानात दांडी.

प्रोव्हिजनलमध्ये आम्ही लिहिलं होतं की झडप स्वतःच्या ताणाने किंवा यंत्राच्या चालण्यातून मिळणाऱ्या गतीने हलेल. त्यामुळे चाकावरून हलणाऱ्या झडपेला आधार मेच्या कागदातच होता. दांडीची नेमकी रचना मात्र त्यात नव्हती, म्हणून ती एका छोट्या दुसऱ्या प्रोव्हिजनलमध्ये टाकली. एकमेकांशी जोडलेल्या अशा अर्जांसाठी मिळून एकच कम्प्लीट देण्याची परवानगी कलम ९ मध्ये आहे. बारा महिने फक्त पहिल्या अर्जापासून मोजायचे.

इथे एक खाचखळगा आहे, तो नीट समजून घ्या. कम्प्लीटमधल्या ज्या क्लेमला प्रोव्हिजनलमध्ये आधार सापडतो त्यालाच जुनी तारीख मिळते. बाकीच्यांना कम्प्लीटची तारीख. मधल्या काळात तुम्ही सुधारलेलं यंत्र मोशीच्या किसान प्रदर्शनात मांडलं, किंवा चालतानाचा व्हिडिओ टाकला, तर ती सुधारणा तारखेआधीच उघड झाली, म्हणजे नवीन राहिली नाही, असं होतं, आणि त्या सुधारणेपुरता तुमचाच व्हिडिओ तुमच्या विरुद्ध उभा राहू शकतो. कायद्यात प्रदर्शनासाठी सवलत आहे, पण ती केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांना. आपली नेहमीची कृषी प्रदर्शनं त्यात बसतील असं धरून चालू नका. उघड्यावर केल्याशिवाय होणारच नाहीत अशा वाजवी चाचण्यांना कलम ३२ थोडं संरक्षण देतं, आणि शेती यंत्राला ते लागूही पडू शकेल. पण ती चाचणीच होती, विक्री नव्हती, हे पुढे सिद्ध तुम्हालाच करावं लागेल. त्यापेक्षा आधी अर्ज, मग रान.

प्रोव्हिजनलचा आणखी एक गुण फारसं कुणी सांगत नाही. बारा महिन्यांत कम्प्लीट दिलं नाही तर अर्ज सोडून दिला असं धरतात, आणि तो प्रकाशितच होत नाही. कल्पना चालली नाही तर ती तुमच्याकडेच राहते. मधे कुठे उघड केली नसेल तर पुढे सुधारून नव्याने अर्जही करता येतो.

थेट कम्प्लीट देऊन मग विचार बदलला तर? बारा महिन्यांच्या आत कंट्रोलरला (पेटंट ऑफिसच्या अधिकाऱ्याला) विनंती करून त्यालाच प्रोव्हिजनल मानायला सांगता येतं. दार आहे. पण क्लेमवर एवढी मेहनत आणि पैसे घालून शेवटी तिथेच यायचं असेल तर सुरुवात प्रोव्हिजनलने केलेली बरी, असं मला वाटतं.

हे सगळं अवजारांच्या अनुभवावरून आहे. इतर शाखांचं गणित थोडं वेगळं असू शकतं. रसायन किंवा नवीन मटेरियलवाल्यांना प्रयोगाचे आकडे लागतात, आणि ते गोळा व्हायला महिने जातात, त्यांना प्रोव्हिजनल बहुधा माझ्यापेक्षाही जास्त सोयीचं. सॉफ्टवेअरवाल्यांना कलम ३(के), म्हणजे नुसत्या कॉम्प्युटर प्रोग्रामला पेटंट नाही हे कलम, आडवं येतं. तिथे तांत्रिक परिणाम काय हे पहिल्याच कागदात स्पष्ट लागतं, त्यामुळे मोघम प्रोव्हिजनल त्यांना फारसं तारणार नाही. शेतीतल्यांनी एवढं लक्षात ठेवावं की पेरणीची पद्धत म्हणून अर्ज केला तर ३(एच) मध्ये, म्हणजे शेतीच्या पद्धतीला पेटंट नाही या कलमात, अडकतो, यंत्राचा अर्ज यंत्र म्हणूनच लिहा.

प्रोव्हिजनल टाकायचं ठरवलंच तर ते भरगच्च लिहा. दोन पानी, ‘एक सुधारित यंत्र’ छापाचं प्रोव्हिजनल म्हणजे नुसती तारीख. तिला आधार काहीच नाही. हाताने काढलेली असली तरी ड्रॉइंग जोडा. तुम्हाला सुचलेले आणि तुम्ही नाकारलेले पर्यायही लिहा: स्प्रिंगऐवजी रबर, रबराऐवजी वजन, वजनाऐवजी चाकावरून गती. क्लेम लागत नाहीत, म्हणून एजंट कधी कधी हे काम उरकून टाकतो. त्याला तसं करू देऊ नका.

बारा महिन्यांची मुदत मात्र ताणता येत नाही असंच समजा. अर्जाची तारीख जास्तीत जास्त सहा महिने पुढे ढकलून मागता येते, पण तेवढे महिने तुमचा अग्रहक्कही (आधी अर्ज केल्याचा हक्क) मागे सरतो. परदेशात पीसीटीने (अनेक देशांसाठीच्या एका आंतरराष्ट्रीय अर्जाने) जायचं असेल तर त्याचेही बारा महिने त्याच तारखेपासून. तपासणीच्या विनंतीची ३१ महिन्यांची मुदतही तिथूनच.

शेती अवजार असेल तर माझ्या मते अर्जाला एप्रिल-मे सगळ्यात चांगला. त्या एका वर्षात खरीप आणि रब्बी दोन्ही पेरण्या मिळतात, आणि रब्बी आटोपल्यावर कम्प्लीट लिहायला जानेवारी ते मार्च मोकळे राहतात. ऑगस्टमध्ये टाकलं तर पुढची खरीप पेरणी मुदत संपायच्या जेमतेम महिना-दीड महिना आधी येते, आणि त्या वर्षी पाऊस लांबला तर चाचणीही नाही आणि वेळही नाही.