जुळणीचा कारखाना केनियात की घानात?

चाकण-भोसरीतून आफ्रिकेत पिकअप, छोटे ट्रक पाठवणाऱ्यांपुढे हा प्रश्न आज ना उद्या येतोच. तयार गाडी पाठवायची की सुटे भाग पाठवून तिथेच जुळणी करायची, आणि करायची तर कुठे? करसवलतींचे तक्ते नंतर बघा. आधी त्या देशात जुन्या गाड्या किती सहज येतात ते तपासा, कारण खरी स्पर्धा त्यांच्याशीच आहे.

केनियात आठ वर्षांपर्यंतची जुनी गाडी आयात करता येते. मोंबासा बंदरात जपानी सेकंडहँड गाड्या उतरतात आणि नवी छोटी कार किमतीतच मार खाते. फोक्सवॅगनने २०१६ मध्ये थिका शहरात पोलो विवो या छोट्या कारची जुळणी सुरू केली, पण खप बेताचाच राहिला. ट्रक-बसची गोष्ट वेगळी. इसुझूने २०१७ मध्ये नैरोबीतल्या कारखान्यातला जनरल मोटर्सचा हिस्सा विकत घेतला. तिथली चॅसी (गाडीचा सांगाडा) निघाली की स्थानिक कारागीर तिच्यावर मटाटूची, म्हणजे तिथल्या खाजगी प्रवासी मिनीबसची, बॉडी बांधतात, म्हणजे धंदा आजूबाजूलाही पसरतो. शिवाय केनियात स्टिअरिंग आपल्यासारखं उजवीकडे.

घानाने २०१९ मध्ये वाहनधोरण आणलं. पाठोपाठ अक्रामध्ये फोक्सवॅगन आली, २०२१ मध्ये तेमा शहरात टोयोटाची हायलक्स पिकअप जुळू लागली. पश्चिम आफ्रिकेची बाजारपेठही शेजारीच. पण दहा वर्षांहून जुन्या गाड्यांवर बंदी घालणारा २०२० चा कायदा झाला तरी अंमलबजावणी पुढे ढकलली गेली. तिथे स्टिअरिंग डावीकडे, त्यामुळे डॅशबोर्ड, पेडल, वायपर सगळं वेगळं लागतं.

याउलट दक्षिण आफ्रिका. तिथे विक्रीसाठी जुन्या गाड्या सहसा आणताच येत नाहीत, म्हणून मोठ्या कंपन्या तिथे पूर्ण गाड्या बनवतात. महिंद्राने २०१८ मध्ये डर्बनला पिकअपची जुळणी सुरू केली ती याच बाजारासाठी. मात्र तिथे टोयोटा, फोर्डसारख्यांशी समोरासमोर गाठ आहे, नवख्याला ते जड जातं.

खर्चाचं म्हणाल तर एसकेडी, म्हणजे अर्धवट जोडलेल्या, किटमध्ये रंगवलेली बॉडी येते. इंजिन, अॅक्सल, चाकं बसवायची. सीकेडीत, म्हणजे पूर्ण सुट्या भागांच्या किटमध्ये, पत्रे तिथेच वेल्ड करून रंगवायचे, आणि पेंट शॉपमध्येच पैसा अडकतो. सीकेडीची घाई करू नका.

पिकअप किंवा ट्रक असेल तर मी केनिया निवडेन, तेही स्वतःची शेड न उभारता तिथल्या कंत्राटी जुळणी कारखान्यात. घाना फक्त डाव्या स्टिअरिंगचं मॉडेल आधीपासून हाताशी असेल तर. कारसाठी या दोन्ही देशांत सध्या पैसा गुंतवू नये.