कांदा-द्राक्षाच्या एक्सपोर्टचे खरे आकडे बघायचेत? ट्रेडस्टॅट वापरा (४/५)

कांदा, द्राक्ष, साखर, कापूस, कशातही असाल तर वाणिज्य मंत्रालयाची ट्रेडस्टॅट ही एक्सपोर्ट-इम्पोर्ट डेटा बँक उघडून बघाच. फुकट आहे आणि आकडे कोलकात्याच्या डीजीसीआयएसचे (व्यापाराची आकडेवारी ठेवणारी सरकारी संस्था), म्हणजे कस्टमच्या कागदांवरून गोळा केलेले, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या मेसेजपेक्षा कधीही भरवशाचे.

एचएस कोड (प्रत्येक मालाला ठरलेला आकडी कोड) टाकायचा, वर्ष निवडायचं, डॉलर की रुपये ते सांगायचं, की आधीचं वर्ष आणि हे वर्ष शेजारीशेजारी, वाढ-घट टक्क्यांसकट. फक्त कांद्यासाठी ०७०३ वर थांबू नका, त्यात लसूण पण येतो, आठ आकडी कोडापर्यंत जा, क्वांटिटी पण तिथेच मिळते. आणि क्वांटिटी बघितल्याशिवाय काहीच कळत नाही हो! २०२२-२३ ला कांदा गेला २५.२५ लाख टन, २०२३-२४ ला १७.१७ लाख टन, म्हणजे साधारण ३२ टक्के कमी, कारण ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के ड्युटी लागली, मग टनाला ८०० डॉलरची किमान निर्यात किंमत, मग डिसेंबरात सरळ बंदी. पण डॉलरमधली किंमत ५६ कोटींवरून ४७ कोटींच्या आसपास, म्हणजे घट जेमतेम १५-१६ टक्के. नुसती व्हॅल्यू बघणाऱ्याला वाटेल फार काही झालं नाही, इकडे लासलगाव-पिंपळगावच्या माणसाला विचारा काय झालं ते.

दुसरं म्हणजे रुपयातल्या आकड्यावर जाऊ नका. २०२३-२४ ला देशाची एकूण मालाची निर्यात रुपयात ३६ लाख कोटींवर जवळपास जिथल्या तिथे दिसते, डॉलरमध्ये मात्र ४५१ अब्जांवरून ४३७ अब्जांवर आलेली, फरक सगळा रुपया घसरल्याचा. आणि द्राक्षवाल्यांनी मागच्या महिन्याशी नाही, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करायची, सीझनच जानेवारी ते एप्रिलचा आहे.

देशवार टेबल चांगलं आहे पण जपून वाचा. द्राक्षात नेदरलँड्स एवढा मोठा दिसतो कारण माल रॉटरडॅमला उतरतो आणि तिथून युरोपभर जातो, सगळी द्राक्षं डच लोक खातात असं नाही.

आता पाचातला एक तारा कशाला कापला ते सांगतो. साधारण १५ तारखेला जी मासिक प्रेस नोट येते तिच्यात मोठे मोठे गट असतात, आठ आकडी तपशील डेटा बँकेत नंतर चढतो, सीझनमध्ये निर्णय घ्यायचा असेल तर ती वाट बघणं जड जातं. शिवाय पहिला आकडा नंतर बदलतो. नोव्हेंबर २०२४ ची सोन्याची आयात आधी १४.८ अब्ज डॉलर सांगितली होती, ती नंतर ९.८ अब्ज झाली, त्या महिन्याची व्यापारी तूटच ५ अब्जांनी खाली आली. तोवर पहिल्या आकड्यावर बातम्या, चर्चा सगळं होऊन गेलं होतं. त्यामुळे टेबल डाउनलोड केलं की फाइलच्या नावात तारीख टाका आणि एक-दोन महिन्यांनी तेच टेबल परत काढा.