आधीच तापवलेले इंजिन

जुनी मोटार विकत घेताना माझी जी फसवणूक झाली, तिच्यात विक्रेत्याला फारसे खोटे बोलावेच लागले नाही. पहिल्यांदा जुनी गाडी घेणारा माणूस काय पाहतो आणि काय पाहत नाही, हे त्याला पक्के ठाऊक होते. त्यामुळे जे मी पाहणार होतो तेवढे त्याने नीट करून ठेवले होते. उरलेले खोटे दुसऱ्याच माणसाने लेखी दिले, आणि त्याचे शुल्क मी स्वतः भरले.

मोटार होती १९६५ च्या बनावटीची दोन दारांची मॉरिस मायनर. १९४८ साली बाजारात आलेले हे मॉडेल दोन दशकांहून अधिक काळ बनत राहिले आणि त्याच्या सोळा लाखांच्या आसपास गाड्या तयार झाल्या. त्यामुळे सुटे भाग आजही मिळतात, इंजिन साधे आहे आणि स्वतःच्या हाताने बरेच काम करता येते, असा हिशेब करून मी ही गाडी निवडली. हा हिशेब चुकीचा नव्हता. चूक झाली ती गाडी पाहायला गेलो त्या दिवशी.

मी पोहोचलो तेव्हा बॉनेट गरम होते. मी काही विचारण्याआधीच विक्रेता म्हणाला, "तुम्ही येणार म्हणून जरा फिरवून आणली." मला ते आपुलकीचे वाटले. वास्तविक जुन्या इंजिनाचे बरेचसे आजार थंड असताना सुरू केल्यावरच्या पहिल्या मिनिटभरात कळतात: व्हॉल्व्ह गाइड, म्हणजे व्हॉल्व्ह ज्यांतून वरखाली सरकतात त्या नळ्या, झिजल्या असतील तर रात्रभर उभी राहिलेली गाडी सुरू होताच निळसर धूर सोडते, पिस्टन सैल झाला असेल तर तो सिलिंडरच्या भिंतीवर आपटल्याचा आवाज येतो आणि इंजिन तापल्यावर धातू प्रसरण पावून तोच आवाज दबतो, टायमिंग चेन सैल असेल तर तिची खडखड ऐकू येते. तापलेल्या इंजिनात झिजलेल्या बेअरिंगमुळे ऑइलचा दाब कमी पडतो. पण त्याचीही व्यवस्था होती. पुढे पहिल्यांदा ऑइल बदलले, तेव्हा जे बाहेर आले ते नेहमीच्या ऑइलपेक्षा कितीतरी घट्ट होते. म्हणजे थंड इंजिनाचे दोष तापवून झाकले आणि तापलेल्या इंजिनाचे दोष घट्ट ऑइलने झाकले. रागावूनही मला या कारागिरीचे थोडे कौतुक वाटते.

मी अगदीच बेसावध होतो असे नाही. तटस्थ माणसाकडून तपासणी करून घ्यायची असे मी ठरवलेच होते. मात्र "या गाड्या कळणारा मेकॅनिक आता शोधूनही सापडत नाही, एक जण आहे" असे सांगून विक्रेत्याने नाव सुचवले आणि मी ते मान्य केले. त्या मेकॅनिकने दोन तास गाडीखाली घालवले आणि दीड पानी अहवाल दिला: बॉडी भक्कम, इंजिन मूळचेच, ब्रेकचे किरकोळ काम. या अहवालाच्या भरवशावर मी पूर्ण रक्कम दिली.

या गाडीला वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, नाही; बॉडीच गाडीचा सगळा भार पेलते. म्हणून दाराखालून जाणारी पत्र्याची पेटी, म्हणजे सिल, ही शोभेची वस्तू नसून गाडीचा कणा असते. माझ्या गाडीची सिल बाहेरून गुळगुळीत होती आणि खालून तिच्यावर ताज्या डांबरी लेपाचा जाड थर होता. चार महिन्यांनी एका पावसाळी दिवसानंतर पायाखालचा गालिचा ओला लागला म्हणून मी तो उचलला, तर जमिनीचा पत्रा कडेने कुजला होता. मग सिलवर चुंबक फिरवला. हातभर लांबीत तो कुठेच चिकटला नाही, कारण तिथे पत्राच नव्हता. जाळी ठोकून वर पुट्टी भरली होती आणि रंग दिला होता. गाडी जॅकवर उचलून दार उघडले तर ते परत नीट लागेना, इतकी बॉडी मधून वाकत होती. चुंबकाची आणि जॅकची ही परीक्षा पाच मिनिटांची आहे. पैसे देण्याआधी ती करता आली असती.

तरीही मी त्याच मेकॅनिककडे जात राहिलो, आणि इथे फसवणुकीचा दुसरा, अधिक खर्चिक भाग सुरू होतो. त्याने एकूण खर्चाचा अंदाज कधीच एकदम दिला नाही. आधी चाकांचे ब्रेक सिलिंडर, मग पेडल दाबल्यावर ब्रेकचे तेल चाकांकडे ढकलणारा मास्टर सिलिंडर, मग पुढच्या चाकांचे ट्रनियन. प्रत्येक बिल असे असायचे की गाडी तोट्यात विकण्यापेक्षा तेवढे भरणे शहाणपणाचे वाटावे. कामे खोटी होती असेही नाही. ट्रनियन म्हणजे पुढचे चाक ज्या आट्यांच्या सांध्यांवर वळते ते. त्यांना वेळच्या वेळी ग्रीस मिळाले नाही तर आटे झिजतात आणि एके दिवशी सांधा सुटून चाक गाडीखाली दुमडते. मास्टर सिलिंडर चालकाच्या पायाखाली, बॉडीच्या पोकळ तुळईत बसवलेला असतो, आणि तो काढताना सस्पेन्शनचा टॉर्शन बार, म्हणजे स्प्रिंगचे काम करणारी सळई, बोल्टच्या आड येतो, त्यामुळे सुट्या भागापेक्षा मजुरीच कितीतरी पटीने जास्त होते. चारही चाकांचे ब्रेक एकाच नळीजाळ्यावर चालत असल्याने एक गळती म्हणजे पूर्ण ब्रेक जाणे, म्हणून मी तिथे घासाघीस केली नाही. जुने भाग मागितले तेव्हा "टाकून दिले" असे उत्तर मिळाले.

वर्षभराने ब्रेक पुन्हा खाली बसू लागला तेव्हा मी दुसऱ्या मेकॅनिककडे गेलो. त्याने मास्टर सिलिंडर उघडून दाखवला. नवीन म्हणून बिल लावलेला तो सिलिंडर जुनाच होता; आतल्या भिंतीला गंजून खड्डे पडले होते आणि बदलले होते ते फक्त रबर. त्यानेच डायनामोच्या वरची, ग्रीसने माखलेली पट्टी पुसून इंजिनाचा क्रमांक वाचला. कागदांवर १०९८ सीसी होते. पट्टीवरच्या क्रमांकाची सुरुवात ९एम अशी, म्हणजे इंजिन आधीच्या काळातले ९४८ सीसीचे. "इंजिन मूळचेच" असे लिहिणाऱ्याने ती पट्टी पुसलीसुद्धा नव्हती. किंवा पुसून, वाचून पुन्हा माखली असेल.

खर्चाचे म्हणायचे तर पंधरा महिन्यांत दुरुस्तीची रक्कम खरेदीच्या किमतीच्या निम्म्यावर गेली, आणि सिलचे वेल्डिंग त्यात धरलेले नाही. टायरचाही एक धडा मिळाला: नक्षी नव्यासारखी होती, पण बाजूवरच्या चार अंकी क्रमांकाचे शेवटचे दोन अंक, जे बनावटीचे वर्ष सांगतात, पाहिल्यावर कळले की टायर चौदा वर्षांचे आहेत. चारही बदलावे लागले.

मी विक्रेत्याला फोन केला. तो चिडला नाही, त्याने नाकारलेही नाही. "तपासणी तुमच्याच माणसाने केली होती ना," एवढेच तो म्हणाला. अहवालावर माझे नाव होते, शुल्काची पावती माझ्या नावाची होती, आणि त्या मेकॅनिकचे नाव त्याने मला सुचवले होते ते केवळ तोंडी.