सर्व्हिस सेंटर की ओळखीचं गॅरेज?

साताऱ्यातल्या भाच्याची गाडी खंबाटकी चढताना तापते. सर्व्हिस सेंटरवाले दर वेळी कूलंट भरून, गाडी धुऊन परत देतात आणि पुढच्या घाटात काटा पुन्हा वर. आता तो विचारतोय, तिथंच खेटे घालू की एमआयडीसीतल्या गॅरेजला दाखवू?

खर्चात गॅरेज परवडतं, यात वाद नाही.

खरा प्रश्न दोष सापडण्याचा आहे. सेंटरकडे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर असतो, पण तापण्याचं कारण कोडमध्ये दिसेलच असं नाही. जाणता मेकॅनिक इंजिन तापल्यावर रेडिएटरचे दोन्ही होज, म्हणजे रबरी पाइप, चाचपतो. वरचा कढत, खालचा गार असेल तर थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंटची वाट उघडणारा व्हॉल्व्ह, अडकल्याची शंका. कूलंट घटतंय पण खाली थेंब नाही, तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या ब्लॉक आणि हेडमधलं सील, तपासायलाच हवं. एवढा वेळ सेंटरमध्ये क्वचितच कुणी देतं, आणि मला राग येतो तो याचाच. एअरबॅग, एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) यांचं काम मात्र गॅरेजात नको.

कागदपत्रांत सेंटर पुढे. गाडी देताना तक्रार नोंदवतात त्या जॉबकार्डवर ‘जनरल चेकअप’ लिहू देऊ नका, ‘घाटात इंजिन तापतं’ असंच लिहून घ्या. तोच दोष वारंवार नोंदलेला असला की जिल्हा ग्राहक आयोगात तो पुरावा ठरतो. तक्रारीची मुदत २ वर्षं. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवरही बोलता येतं.

वॉरंटी चालू असेल तर सेंटरच, प्रत्येक जॉबकार्ड जपून. वॉरंटी संपली असेल आणि दोष यांत्रिक असेल, तर सरळ गॅरेज. भाच्याची वॉरंटी अजून शिल्लक आहे, त्यामुळे त्याने सेंटर सोडू नये.