शिडी की चाकांची परांची?

चार मीटर उंचीवरच्या कामासाठी काय लावावं, हा प्रश्न आधी वेळेचा वाटतो. शिडी एकटा माणूस दोन मिनिटांत टेकवतो, परांची, म्हणजे वर उभं राहून काम करायचा सांगाडा, जोडायला दोघं आणि सपाट, टणक जमीन लागते.

पण शिडीवर एक हात धरण्यातच जातो. ड्रिल दोन्ही हातांनी दाबलं की उलटा रेटा बसतो आणि पायथा सरकतो. माणूस पडण्याचं हे मोठं कारण. म्हणून चार मीटरवर टेकवताना पायथा भिंतीपासून एक मीटर लांब हवा आणि वरचं टोक बांधलेलं. छतावर उतरायचं असेल तर शिडी कडेच्या वर मीटरभर हवी. कमरेच्या पट्ट्याचं बक्कल शिडीच्या उभ्या दांड्याबाहेर गेलं की हात फार लांब गेलाय. उतरा, शिडी हलवा. कंटाळा येतो, तिथेच घात होतो. विजेजवळ ॲल्युमिनियम नको, फायबरची घ्या.

परांचीला चारही बाजूंनी कठडा, हात मोकळे. मात्र चाकांना ब्रेक हवा, चढायचं आतून, आणि वर माणूस असताना ती ढकलायची नाही.

अर्ध्या तासाच्या आतलं, एका हाताचं हलकं काम: शिडी. रंग, प्लास्टर, भोकं पाडणं: परांचीच.