मगर आणि महाराज: संदर्भ शोधायला कोणतं साधन घ्यावं?

दिवाळीत आमच्या बडोद्यातल्या दांडिया बाजारातल्या घरी दोन भावंडांनी मला एकच प्रश्न विचारला. मामेबहीण प्राणिशास्त्रात पीएच.डी. करतेय, विषय विश्वामित्री नदीतल्या मगरी. आतेभाऊ इतिहासात, विषय सयाजीरावांच्या काळातली वाचनालयं. "ताई, कोणते पेपर साइट करायचे, म्हणजे संदर्भ म्हणून द्यायचे, ते शोधायला चांगलं टूल कुठलं?" मी दोघांना वेगवेगळी उत्तरं दिली. का, ते सांगते.

सुरुवात दोघांनीही गूगल स्कॉलरनेच करावी. 2004 पासून आहे, फुकट आहे, आणि जर्नलांखेरीज पुस्तकं, प्रबंध, अहवालही त्यात सापडतात. बहुतेक जण नुसता शोध घेऊन पहिल्या पानावरचे पेपर उचलतात. तिथे मुळातच खूप साइट झालेले पेपर वर येतात, मग आपणही तेच साइट करतो आणि ते आणखी वर जातात. खरा उपयोग प्रत्येक पेपरखालच्या 'सायटेड बाय'चा, म्हणजे त्याला पुढे कोणी साइट केलंय त्या यादीचा. आपल्या विषयातला एक भक्कम जुना पेपर घ्या, त्याच्या 'सायटेड बाय'वर टिचकी मारा आणि वरच्या चौकटीत खूण करून फक्त त्याला साइट करणाऱ्या पेपरांतच शोधा. मामेबहिणीने 'क्रोकोडायलस पॅलुस्ट्रिस' हे मगरीचं शास्त्रीय नाव टाकून असं केलं, तेव्हा तासाभरात कामाची यादी हाती आली.

सिमँटिक स्कॉलर 2015 चं, अॅलन इन्स्टिट्यूट फॉर एआयचं, तेही फुकट. पेपर नुसता नावापुरता उल्लेखलाय की त्याच्यावर पुढचं काम उभं आहे, हे ते वेगळं दाखवायचा प्रयत्न करतं. चाळणी म्हणून छान. पेपरांचा फोल्डर करून ठेवला की तशाच नव्या पेपरांची शिफारसही करतं.

कनेक्टेड पेपर्सबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण त्याचा नकाशा बघून सगळे भुलतात आणि चुकीचा वाचतात. एक पेपर दिला की गोळ्यांचं जाळं उभं राहतं. मोठा गोळा म्हणजे जास्त साइट झालेला, गडद म्हणजे नवा. पण दोन गोळ्यांमधली रेघ म्हणजे एकाने दुसऱ्याला साइट केलंय असं नाही! दोघांचे संदर्भ सारखे आहेत, किंवा दोघांना तेच तेच लोक साइट करतात, म्हणून ते जवळ आलेत. कल्पना जुनीच: पहिली 1963 मध्ये केसलरने मांडली, दुसरी 1973 मध्ये हेन्री स्मॉलने. फायदा असा की एकमेकांचं नावही न घेणारे दोन गट शेजारी दिसतात. मगरींचं बघा: माणूस आणि मगर यांच्या संघर्षावर लिहिणारे वेगळे, घरट्यांवर लिहिणारे वेगळे. 2024 च्या ऑगस्टच्या पुरात मगरी सोसायट्यांच्या रस्त्यांवर आल्या होत्या, त्यावर लिहायचं तर दोन्ही वाचायला लागणार. फुकट खात्यात महिन्याला 5 च नकाशे मिळतात, तेव्हा कुठल्या पेपरवर खर्च करायचा ते आधी ठरवा. लिटमॅप्स पेपरांचं जाळं काळाच्या पट्टीवर मांडतं. कोण आधी, कोण नंतर हे बघायला बरं.

'साइट' (scite) नावाच्या साधनाचं वेगळं. हा पेपर पुढे कोणी उचलून धरला, कोणी खोडला, ते नेमक्या वाक्यासकट दाखवतं. पैसे पडतात आणि बहुतेक संदर्भ 'नुसता उल्लेख' याच खान्यात जातात. स्वतःच्या खिशातून मी घेणार नाही. विभाग देत असेल तर ज्या पाच-सहा पेपरांवर तुमचा अख्खा युक्तिवाद टेकलाय तेवढे त्यात नक्की तपासा.

चॅटबॉटला यादी मागायची नाही. एका ओळखीच्या मुलाच्या प्रबंधात तीन संदर्भ असे निघाले की लेखक खरे, जर्नल खरं, पेपर मात्र जन्मालाच आलेला नाही. परीक्षकाने नेमके तेच मागितले.

आता आतेभाऊ. त्याने कनेक्टेड पेपर्स उघडलं आणि हिरमुसला. साहजिक आहे. ही जाळी उभी राहतात संदर्भांच्या नोंदींवर. बडोदा संस्थानचे वार्षिक अहवाल, जुनी गुजराती-मराठी मासिकं यांच्या तशा नोंदी कोण करून ठेवणार? शिवाय मगरीचं शास्त्रीय नाव जगभर एकच. आपल्या महाराजांचं आडनाव रोमनमध्ये गायकवाड, गायकवार, गुइकोवार असं वाटेल तसं लिहिलेलं. बडोदा आणि वडोदरा वेगळंच. त्याला म्हटलं, नकाशांचा नाद सोड. स्कॉलरमध्ये प्रत्येक स्पेलिंग वेगळं शोध, शोधगंगावर प्रबंध बघ (तिथे मराठी-गुजरातीतलेही आहेत) आणि त्या प्रबंधांच्या मागच्या संदर्भसूच्या फोडून काढ. सयाजीरावांनी 1910 मध्ये अमेरिकेहून बॉर्डन यांना वाचनालयं उभारायला बोलावलं, त्यांचा माग सूचीतून सूचीतच लागतो. मग मांडवीची सेंट्रल लायब्ररी आहेच.

संदर्भ सांभाळून ठेवणारं झोटेरो मात्र दोघांनाही लावायला सांगितलं. पेपर निवडून देत नाही, पण तुमच्या संग्रहातला एखादा मागे घेतला गेला असेल तर लाल पट्टी दाखवून सावध करतं. 2019 पासूनची सोय आहे, फुकट. आणि सापडलेला पेपर पैसे मागत असेल तर लगेच निराश होऊ नका. 1 जानेवारी 2025 पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' या सरकारी योजनेत 30 प्रकाशकांची सुमारे 13,000 जर्नलं सरकारी विद्यापीठांना खुली झालीत. आपल्या लायब्ररीत लॉगिन विचारा.

मामेबहीण सध्या महिन्याचा चौथा नकाशा जपून ठेवून आहे. आतेभावाने लॅपटॉपला एक चिठ्ठी डकवलीय, त्यावर गायकवाडांची स्पेलिंगं. परवापर्यंत सात झाली होती.